हँग झाल्यास वाट पाहू नये

सोमवार, ४ मार्च

आलो, सामान लावलं, आणि नव्या वहीचं पहिलं पान आजच उघडलं. जागा झकास आहे. खाली तपासणी केंद्र, वर आमच्या दोन खोल्या. कामावर जायचं म्हणजे एक जिना उतरायचा. आमची ही म्हणाली, आता उशीर झाला तर कुणाच्या नावानं खडे फोडाल? हिचं असंच. इतक्या वर्षांत हिने माझं कौतुक केलं असेल तर ते मी झोपेत असताना.

केंद्रात एक मोठं यंत्र आहे. माणसाला त्यात आडवं घालतात आणि यंत्र त्याचे आतून-बाहेरून फोटो काढतं. ते फोटो जोडून कॉम्प्युटर अख्खा माणूस पडद्यावर उभा करतो, मग डॉक्टरीणबाई त्याला हवा तसा फिरवून, थर सोलून आत बघतात. तक्रार एवढीच, की माणूस फिरवायला गेलं की पडदा जागच्या जागी गोठतो. माउस हलत नाही, बटनं ऐकत नाहीत. यालाच लोक हँग होणं म्हणतात. डॉक्टरीणबाई बिचाऱ्या हाताची घडी घालून वाट पाहतात. कधी आपोआप सुटतं, कधी नाही. बाहेर पेशंट खोळंबतात.

आधीच्या इंजिनिअरांनी हात टेकले म्हणे. मला महिन्याची मुदत आहे. जमलं तर नोकरी आणि खोल्या कायम, नाहीतर गाशा गुंडाळायचा. मी नुसता हसलो. कॉलेजची पायरी मी चढलो नाही. जे शिकलो ते मशिनं उघडून, बोटं भाजून घेऊन शिकलो. माझ्यापुढे मशीन फार दिवस रुसून बसत नाही.

मंगळवार, ५ मार्च

कॉम्प्युटरचा डबा उघडला. शी! पंख्याच्या पात्यांना केस, केसांना कोंडा, आणि सगळ्याला धरून ठेवणारा एक राखाडी, ओलसर लगदा. चिमट्यात धरून ओढला तर शेंबडासारखा लांबत आला. झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, एवढी माणसं इथे कपडे काढून झोपतात, त्यांचं थोडंफार मागे राहणारच की. दुपारी जेवण गेलं नाही.

सफाईने भागलं नाही, ते अपेक्षितच होतं. दोष ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये आहे. पडद्यावर चित्र कसं काढायचं हे कॉम्प्युटरला सांगणारा छोटासा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. तो इथे अगदी ताजा घातला आहे आणि मशीन जुनं. म्हाताऱ्याला पोराचे बूट घातले की तो अडखळणारच. औषध एकच: एकेक पायरी मागे जायचं आणि जुन्यात जुना, पण न अडखळणारा ड्रायव्हर शोधायचा. टेबलाच्या खणात जुन्या ड्रायव्हरच्या तीन सीड्या सापडल्या.

हा कॉम्प्युटर दिवसरात्र चालू असतो. ड्रायव्हर सापडेपर्यंत लोकांनी ताटकळत बसू नये म्हणून डब्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली: ‘हँग झाल्यास वाट पाहू नये. बटन दाबून धरावे. पूर्ण बंद झाल्यावरच सोडावे.’ डॉक्टरीणबाईंनी विचारलं, असं मध्येच मुरगाळलं तर आतलं काही जाणार नाही ना? म्हटलं, गेलं तर एखादा तुकडा जाईल, पण काम अडणार नाही. पटलं त्यांना. शिस्तीची बाई आहे, एकदा सांगितलं की पाळते.

बुधवार, ६ मार्च

प्रत्येक ड्रायव्हर एकाच चित्रावर तपासायला हवा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. पेशंटचे फोटो वापरणं मला मान्य नाही. तेव्हा मीच आडवा झालो. यंत्र चालवणाऱ्या पोरसवदा गड्याला सगळे फोटोवाला म्हणतात. तो म्हणाला, काका, ढेरी आत घ्या, दार लागत नाहीये. त्या फळीचं रेक्झिन आधीच्या माणसाच्या घामाने अजून कोमट होतं. पाठ चिकटली, उठताना चर्रकन सुटली. घरी येऊन दोनदा आंघोळ केली.

पडद्यावर मी उभा राहिलो. राखाडी, केस नाहीत, तोंड किंचित उघडं. कुणी स्वतःला असं पाहू नये. फिरवायला गेलो आणि अर्ध्या वळणावर हँग. सुटल्यावर फोटोवाला म्हणाला, काका, तुम्हीपण तस्सेच थिजला होतात. म्हटलं, विचार करणारा माणूस थिजतोच, तुला अनुभव नसेल.

ताजा ड्रायव्हर मुळासकट उपटला. मागे एक अवशेष ठेवला नाही. मशिनने स्वतःहून नवा ओढून घेऊ नये म्हणून नेटची वायर काढली. पहिली सीडी घातली, मशीन रीतसर बंद करून चालू केलं. तेवढ्या वेळात मला का कोण जाणे, खुर्चीतच गुंगी आली.

शुक्रवार, ८ मार्च

सुधारणा आहे, पण हँग होतोच. आपोआप सुटतो, हे खरं. पण नापास म्हणजे नापास.

गेल्या वर्षी मानेवरचं गळू डॉक्टरने कापलं होतं. ते त्याच जागी परत आलं आहे. हिने गरम फडक्याने दाबलं तर पिवळं, दह्यासारखं निघालं, आणि वास असा की ती तोंड फिरवून म्हणाली, त्या डब्यातला हात मानेला लावला असणार, सवयच आहे. असेल. हात साबणाने तीनदा धुतले.

पहिली सीडी मोडली. हा माझा नियम आहे: नापास झालेली सीडी ठेवायची नाही, गुडघ्यावर धरून दोन तुकडे करायचे. ठेवली की कुणीतरी शहाणा चुकून परत घालतो. ही रिकाम्या बाटल्यासुद्धा जपून ठेवणारी. म्हणाली, मोडता कशाला, खायला मागते का ती?

सोमवार, ११ मार्च

दुसरी सीडी. अख्ख्या दिवसात एकदाच अडखळला. तरी नापास. मोडली.

सकाळी दात घासताना जीभ मागच्या दाढेला लागली. ती दाढ माझ्याजवळ नाही. किडली म्हणून कधीच काढली होती. आता आहे. जशी होती तशीच: पोकळ, काळी, कडा धारदार. चूळ भरली तरी कुजक्या मांसाची चव जात नाही. अंगठ्यावर सोल्डरच्या चटक्याचा डाग होता, त्याचा फोड झाला आहे, पाण्याने टरारलेला. मघाशी वहीवर फुटला. या पानाच्या कोपऱ्यावरचा डाग त्याचाच.

हिने दाढ पाहिली. थट्टा केली नाही. दवाखान्यात चला म्हणाली. म्हटलं, काम संपू दे.

बुधवार, १३ मार्च

तिसरी, सर्वांत जुनी सीडी. पास! दिवसभर माणसं फिरवली, उलटी केली, सोलली. एकदाही हँग नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खोल्या तुमच्याच समजा. फोटोवाल्याने चहा पाजला.

चहात काहीतरी पडलं. चमच्याने काढलं. माझा पुढचा दात. रक्त नाही. संध्याकाळपर्यंत आणखी चार हलायला लागले. हिरडीत बोट घातलं तर खाली टोकं लागतात. बारीक, तांदळाएवढी, दाटीवाटीने.

गुरुवार, १४ मार्च

अंगावरचे केस आंघोळीत गेले. छातीचे, मिशीचे, सगळे. मोरी तुंबली. हिने हात घालून गोळा काढला आणि बाहेर जाऊन ओकली.

बेंबी ओली आहे. आधी वाटलं घाम. फडक्याने पुसली तर आत काळं, वाळक्या दोरीसारखं टोक. ओढवत नाही, पोटात कळ जाते. दुपारी पाहिलं तर ते वाळकं राहिलं नव्हतं. मऊ. निळसर. आणि ठोके पडत होते —

ही विचारते, काय होतंय तुम्हाला. म्हटलं, सकाळी खाली जाऊन बघतो.

शुक्रवार, १५ मार्च

केंद्र उघडण्याआधी खाली गेलो. चाचणीचं माझं चित्र उघडंच होतं. पाहिलं.

यंत्रात झोपलो तेव्हा माझ्या तोंडात ती दाढ नव्हती, मानेवर गळू नव्हतं. चित्र एकदाच काढलंय, त्याला नंतर कुणी हात लावलेला नाही. पण पडद्यावरच्या माणसाला तांदळाएवढे दात आहेत. त्याच्या बेंबीतून एक जाड, ओली नाळ निघून पडद्याच्या कडेपर्यंत गेली आहे. कडेच्या पलीकडे — कुठे? कुणापर्यंत?

जितका जुना ड्रायव्हर, तितका मागच्या वयाचा मी पडद्यावर काढतो तो. आणि तो काढील तसा मी होतो.

चित्र पुसून टाकायला गेलो. बोट बटनावर ठेवलं आणि काढून घेतलं. चित्र पुसलं तर काय पुसलं जाईल? नुसतं बंद करायलाही धजलो नाही.

मधला ड्रायव्हर हवा. दाढ किडकी असू दे, गळू वाहू दे, जगेन. पण मधल्या दोन्ही सीड्या मीच मोडल्या. तुकडे मावशींनी कचऱ्यात दिले. वायर परत जोडून नेटवर शोधलं, कंपनी फक्त ताजा ठेवते. म्हणजे ताजा किंवा सर्वांत जुना. मध्ये काही नाही. माझ्या नियमाने काही ठेवलंच नाही.

नाळ सदऱ्यातून बाहेर येते आहे. सदरा ओला. वास — कच्च्या यकृताचा. ताजा घालतो.

शनिवार, १६ मार्च

घातला. जुना उपटल्यावर आणि ताजा बसण्याआधी कॉम्प्युटरपाशी कुठलाच ड्रायव्हर नसतो. पडद्यावर सगळं जाडंभरडं, चौकोनी ठोकळ्यांचं दिसतं. ते मला ठाऊक होतं. माझ्या हाताचं काय होईल हे ठाऊक नव्हतं; आधी दर वेळी चित्र बंद करून ड्रायव्हर बदलला होता. बोटं मेणाच्या गोळ्यांसारखी. नखं नाहीत, रेषा नाहीत, अंगठा कुठे संपतो कळेना. त्या गोळ्यांनी मी माउस ढकलला. पुन्हा पुन्हा ढकलला.

मग बसला. सगळं परत आलं! माझे दात, माझी मिशी, कोरडी बेंबी. हिने गालावरून हात फिरवला आणि रडली. म्हणाली, सामान बांधू, चला इथून. म्हटलं, माझं चित्र खाली ठेवून कुठे जाऊ?

दुपारी खाली कॉम्प्युटरपुढच्या त्याच खुर्चीत चहाचा कप उचलला. पुढचं आठवतं ते एवढंच, की चहावर जाड साय धरली होती, आणि जिभेवर काहीतरी चालत होतं. माशी. तोंडातून बाहेर आली, ओठावर बसून पाय चोळले, परत आत गेली. मला दिसत होतं. हाकलता येत नव्हतं. पापणीही मिटता येत नव्हती. मग पडद्यावरचा माउस हलला आणि मी थुंकलो.

ताजा ड्रायव्हर हँग होतो. हे मला माहीत होतं. याचसाठी तर मला आणलं होतं.

सोमवार, १८ मार्च

सकाळी घास तोंडात असताना थिजलो. ही समजली, रुसलोय. बोलत राहिली, चिडत राहिली. मग मुंग्या दिसल्या तिला. हनुवटीवरून ओघळलेल्या घासावरून रांग लागली होती, ओठावरून आत. अजून दातांत लागतात, चावल्या की आंबट —

हे लगेच लिहून ठेवतो. आत्ता परत झालं. या वेळी आपोआप सुटलं नाही. आतून कुणीतरी दिवा मालवावा तसा अंधार. जमिनीवर शुद्धीवर आलो. डाव्या पायाची करंगळी नाही. जखम नाही, रक्त नाही. गुळगुळीत. उकडलेल्या अंड्यासारखी जागा. बोट फिरवलं, कुठेच अडलं नाही.

जिन्यातून फोटोवाला ओरडून सांगून गेला, मशीन हँग झालं होतं, मॅडमनी बटन दाबून बंद केलं, आता चालू आहे, काळजी नको. फक्त काका, तुमच्या त्या चित्राचा पायाकडचा एक तुकडा गेला.

एक तुकडा. मीच म्हणालो होतो.

खाली सोमवारची गर्दी आहे. पेशंट मागून पेशंट, प्रत्येकाला फिरवणार. मी जिना उतरू शकत नाही, मध्येच थिजलो तर मान मोडेल. हिला पिटाळलं. चप्पल शोधत बसू नको म्हटलं, अनवाणी पळ, आधी ती डब्यावरची चिठ्ठी फाड, मग त्यांना सांग बटनाला हात लावू नका. ती काही न विचारता पळाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ती जिन्यात आहे. पावलं ऐकू येतात. पोचेल. एकच जिना.

डॉक्टरीणबाई शिस्तीच्या. आधी हाताची घडी घालून वाट पाहायच्या, सुटेपर्यंत. त्यांची सवय चांगली होती. मीच मोडली. मीच लिहून दिलं, मोठ्या अक्षरात, की वाट पा