तोतारामच्या चितेपुढचे दोन शब्द

९ जानेवारी, गुरुवार

आजच्या भाषणाला काय लागलं? इस्त्रीचा पांढरा सदरा, दुपारभर बंद ठेवलेलं दुकान, घसा आणि एक खोटं. पहिल्या तिन्ही गोष्टी नेहमीच्याच. चौथी आज जरा जास्तच लागली.

तोताराम गेला. वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून रोज माझ्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात येऊन बसायचा. पेपर माझा, चहा माझा, वाकडं तोंड त्याचं. तरी मित्र होता.

नेरी नाक्याच्या स्मशानात अग्नी दिला आणि रिवाजाप्रमाणे श्रद्धांजली सुरू झाली. माझ्याआधी तिघे बोलले. तिघांनी मिळून मनमिळाऊ, हसतमुख, कुटुंबवत्सल सगळं संपवून टाकलं. तोताराम आणि हसतमुख! ऐकून उठून बसला असता.

मी विशेषणं वापरत नाही, प्रसंग सांगतो. विशेषण लोक तिथेच सोडून जातात, प्रसंग घरी घेऊन जातात. शाळा सातवीत सुटली, पण हे मी सभांच्या मागच्या रांगेत उभं राहून शिकलो. आज मात्र प्रसंगच सापडेना. इतक्या वर्षांत या माणसाने कुणाला काही दिल्याचं आठवेना. लाकडं तडतडायला लागली. “गिरधरभाऊ, दोन शब्द.” उभा राहिलो आणि तोंडातून निघून गेलं — एका गरीब घरच्या मुलीच्या नर्सिंगची सगळी फी या माणसाने गुपचूप भरली. मला म्हणाला होता, मी आहे तोवर कुठे बोलू नको. आज त्या शब्दातून मोकळा होतो.

मागे कुणीतरी नाक ओढलं. चांगलं झालं भाषण.

१० जानेवारी

गनीभाई, माझा भागीदार. कॉइल भरता भरता मान वर न करता म्हणाला, “भाऊ, वो लडकी कौन?”

मी म्हणालो, “कोणती?”

हसला. “हमारे में अच्छा है. मिट्टी दो, दुआ करो, घर जाओ. मय्यत के सर पे कोई कहानी नहीं रखता.”

मी म्हणालो, यात नुकसान कुणाचं? आजवर किती जणांना जाताना एकेक प्रसंग दिला मी. स्मशानात बोललेलं स्मशानात राहतं. बायका तिथे येत नाहीत. आणि माणूस खरा कसा होता ते त्याच्या बायकोलाच माहीत असतं. तेव्हा अडचण कुठे?

गनीभाई पुन्हा कॉइलकडे वळला. तार ओढत राहिला.

१२ जानेवारी, रविवार

राहत नाही स्मशानात. कुणीतरी मोबाइलवर शूट केलं. दीपकने — तोतारामचा मुलगा, सुरतला असतो — मोठ्या कौतुकाने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते गावभर झालं.

सकाळी टपरीवर चहा घेत होतो, पाठीमागून माझाच आवाज आला. “आज त्या शब्दातून मोकळा होतो.” वळून पाहिलं. रिक्षावाला मान हलवत ऐकत होता. मी समोर उभा, पण त्याने मला ओळखलं नाही. स्वतःचा आवाज असा पाठीमागून आला की मान गार पडते.

नंतर तोतारामच्या घरी, दारावर बसायला जाऊन आलो. सुंदरबाई भिंतीला टेकून बसली होती. पारोळ्याकडची बाई, बोली अजून तिकडचीच. मला बघून म्हणाली, “भाऊ, ती पोर कोठली शे?”

मी म्हणालो, “वहिनी, नाव न घेण्याचा शब्द आहे.”

“बरं,” म्हणाली.

त्या ‘बरं’मध्ये आनंद होता. मोटरचं झाकण न उघडता, नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की कॉइल जळालीय ते मी सांगतो. माणसाचंही तसंच. माझ्या कानाने आजवर कधी दगा दिला नाही. बाई सुखावली होती. जन्मभर एक चहा दोघांत पाजणारा नवरा, आणि मेल्यावर एकदम दाता! तिला नवा नवरा मिळाला. मी दिला.

१४ जानेवारी

दुकानाच्या मागच्या बाजूला कुणीतरी घसा साफ केला. ‘हं-हं.’ बोलण्याआधी तोताराम असाच करायचा. वळलो नाही. टेस्टिंगची मोटर चालू केली आणि चालूच ठेवली.

१६ जानेवारी, गुरुवार

बेअरिंग आणायला धुळ्याला गेलो. येताना एसटीत मागच्या सीटवर पुन्हा मी. पूर्ण भाषण, त्या थांबण्यासकट. कुठे थांबायचं ते मी नीट शिकलोय. ऐकताना लाज वाटली.

एक जण म्हणाला, “अशी माणसं आता राहिली नाहीत हो.”

दुसरा म्हणाला, “पोरगी कोणाची होती ते आधी बघा.”

मग दोघं हसले. पारोळा येईपर्यंत हसत होते.

हे मला सुचलंच नव्हतं. माणूस चांगलं ऐकतो, डोळे पुसतो, आणि पुसून झालं की शिवण उसवून आत काय आहे ते बघतो. मीही तसाच. दुसऱ्याने हे सांगितलं असतं तर मीच आधी विचारलं असतं.

१७ जानेवारी

दीपक दुकानात आला. बसला नाही.

“काका, ती बाबांची कोण?”

“तसं काही नाही रे.”

“तसं नाही, मग कसं? मामा म्हणतात, परक्याच्या पोरीवर बाबांनी दमडी सोडली नसती. म्हणजे परकी नव्हती. उद्या घरात हिस्सा मागायला आली तर आईने कुठे जायचं?”

मी पाना घेऊन आवळलेलाच बोल्ट आवळत बसलो. दोन वाक्यांचं काम होतं. अरे दीपक, मुलगी नाही. मी बनवलं. निघालं नाही तोंडातून. तो गेल्यावर गनीभाईने पाना माझ्या हातातून काढून घेतला. “आटे जाएंगे,” म्हणाला.

१९ जानेवारी, रविवार

पुन्हा दारावर गेलो, सांगून टाकायचं म्हणून. सुंदरबाई आतून पाणी घेऊन आली. पेला ठेवून समोरच बसली. “भाऊ, काही सांगनं शे का?”

काय हावरेपणाने विचारलं बाईने! नवऱ्याचं आणखी काही चांगलं ऐकायचं होतं तिला. मला जमेना. तिचा एक नवरा देवाने नेला, दुसरा मी कसा नेऊ? म्हणालो, ती मुलगी आता नाशिकला मोठ्या दवाखान्यात आहे. फार आठवण काढते. बाई माझ्याकडे बघत राहिली. “हां का?” एवढंच म्हणाली.

गेलो होतो खोटं काढायला, वर आणखी एक घालून आलो.

इथे तरी खरं लिहितो. बाईची दया हे अर्धंच कारण. कळलं तर या गावात मला पुन्हा कुणी ‘दोन शब्द’ म्हणणार नाही, ही भीती मोठी. या आठवड्यात दोन अंत्यविधींचे निरोप आले. घसा बसलाय म्हणून टाळलं. घसा ठणठणीत आहे. ‘हं-हं’ दुसराच कुणीतरी करतो. गनीभाईला विचारलं, तुला ऐकू आलं का? म्हणाला, “मुझे क्यों आएगा?”

२१ जानेवारी, मंगळवार

तेरावं. जेवणं उरकत आली होती. दीपक मांडवात मध्ये येऊन उभा राहिला. “आज सगळे आहेत. गिरधरकाकांनी सांगावं, ती पोरगी कोण.”

पत्रावळी उचलणारे थांबले. कुणीतरी मोबाइल वर धरला. मी उठलो. आज सांगायचंच ठरवून आलो होतो, हे देवाशपथ खरं. “ती मुलगी —” म्हणालो, आणि आतल्या दारातून सुंदरबाई बोलली.

“माले माहीत शे. मीच सांगेल व्हतं त्यास्ले, फी भरा म्हनून. मना माहेरनी पोर शे.”

दीपक आईकडे बघत राहिला. मग खाली बसला. मामांनी त्याला पाणी दिलं. लोक हात धुवायला उठले. झालं.

म्हणजे मुलगी होती! मी बनवलं म्हणून समजत होतो ते खरं होतं. तोतारामने माझ्या तोंडून स्वतःच बोलून घेतलं की काय? बाईच्या आवाजात कुठे कंप नव्हता, कुठे अडखळणं नव्हतं. सरळ आवाज.

२२ जानेवारी

दुकान शांत. मागच्या बाजूला काही नाही. गनीभाईला स्वतःहून भजी खाऊ घातली.

२५ जानेवारी, शनिवार

सुंदरबाईकडे गेलो. विचारलं, “वहिनी, तुमच्या माहेरच्या त्या मुलीचं नाव काय?”

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. मुलगी कुठे होती, म्हणाली. पोराने मेलेल्या बापाबद्दल चारचौघांत असं विचारू नये, म्हणून बोलले. तुम्हाला आधी विचारून पाहिलं होतं, भाऊ. वाटलं, तुम्ही सांगाल.

मग कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे बघून आणखी एक सांगितलं, तेही त्याच सरळ आवाजात. तोतारामने कुणाचीच फी भरली नाही. दीपकची शाळेपासून डिप्लोमापर्यंतची सगळी फी तिने भरली, लोकांची ब्लाउजं शिवून.