हिरव्याखालचा लाल

बा, लोखंडावर तारेचा ब्रश ओढल्याचा तो खर्र खर्र आवाज आज पुन्हा ऐकला, आणि या वेळी ब्रश माझ्याच हातात होता. तुझ्या वेळी तो फक्त शुक्रवारी ऐकू यायचा. त्या दिवशी गल्लीतले सगळे माग बंद, हवेत रुई उडत नसे, ओल्या रंगाला दाढी फुटायची भीती नसे. आता गल्लीत माग उरलाय तो आपलाच एक, बाकी सगळी गोदामं. कुठल्याही वारी रंगवा, एक तंतू चिकटायचा नाही. हे सुख म्हणावं की काय, मला उमगत नाही.

आपली शेडही तुझा नातू आता गोदामाला देतोय. फोनवर म्हणाला, रविवारी टेम्पो येईल. तोवर माग नीट रंगवून झाला तर घरापुढे शोभेला ठेवू, गंजका असला तर भंगारात. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

म्हणून धामणकर नाक्यावर रंग आणायला गेलो. दुकानदारानं प्रायमरचे दोन डबे पुढे ठेवले, "चाचा, लाल दूँ या ग्रे?" आणि मी तिथंच हरवलो. शाळेत श्रावणाच्या कविता घोकणारा मी तुला म्हणालो होतो, मागाच्या हिरव्या रंगाखाली राखाडी लावू, पाऊस भरून आल्यासारखं वाटेल. तू मान वर न करता म्हणालास, "ढग वर बघ, पोरा. राखाडी उघडा परला तं कुनाला कलत न्हाय. लाल लगेच दिसतं, मंग परत हात मारता येतं." पुढं कधीतरी वज्रेश्वरीहून येताना तू माझ्यासाठी राखाडी पुठ्ठ्याची वही आणलीस.

पण बा, हा माग आता चालणारच नाही. झिजणार नाही, मग खालचा लाल दिसणार कधी? राखाडी डबा हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. आणला लालच.

रॉकेलनं तेलकट पुसतो, ब्रश मारतो, दम लागला की स्टुलावर बसतो. आता सगळा माग लाल झालाय. फक्त हँडलजवळ, तू तळहात टेकायचास तिथं, हिरवा गेलाय, खालचा जुना लालही गेलाय, लोखंड गुळगुळीत आहे. तुझ्या हातानं तिथं गंज धरूच दिला नाही. रंगाचा ब्रश तिथवर नेला आणि परत डब्यात ठेवला. तेवढं उघडं सोडलं तर उद्या तिथूनच गंज चढेल, हे मला कळतं. तरी हात होत नाही. एवढंच सांगायचं होतं, आणि हे पत्र तर कुठं जायचंच नाही.

दारात चपला वाजल्या. रविवार अजून लांब आहे, टेम्पोचा आवाजही नाही. तुझा नातू उभा आहे, कित्येक वर्षांत या शेडमध्ये पाय न ठेवलेला, काखेत रंगाचे डाग पडले तरी चालेल असा एक जुना शर्ट धरून.

"किती राहिलं, बाबा?"

"तळहाताएवढं," मी म्हणालो.