हरकत न्हाई

१७ जून, मंगळवार
न्हाई गं, भांडण कुठलं! आमच्याकडं आता असंच बोलतेत. फोनवर बहिणीला हेच सांगून राहिले, तवर ट्रक गेला. ती शिरड शहापूरला, आतल्या गल्लीत. तिला काय कळतं. म्हनती, "अक्का, वरडू नको." मी म्हनलं, "मी न्हाई, रस्ता वरडतो. मी नुसती त्याच्या वरून बोलते."
शाळा सुरू झाली. नात चिमी दुसरीत.

२० जून, शुक्रवार
चिमीला पाढे म्हनायला बसवलं. "बे एके बे, बे त्रिक सहा." मी म्हनलं, मधलं खाल्लं का काय गं? तर म्हनती, "आजी, बाई तेवढं म्हनत्यात तवा ट्रक येतो."
लई हसले. मग भाकरी थापताना हसू आटलं. आपल्या शाळेत बे दुणे चारच न्हाई.
शाळेची भिंत अन् रस्ता, मधी दोन बैल उभे राहतील एवढीच जागा. अन् शाळेला लागून माझं घर.

२४ जून, मंगळवार
बाईंचा आवाज गेला. हिंगोलीचा डॉक्टर म्हनला, महिनाभर वरडायचं न्हाई. न वरडता इथं शिकवायचं कसं? फळ्यावर लिवतेत, अन् पहिलीच्या लेकराला वाचायला येत न्हाई.
मी चिडवलं, "बाई, लगीन करा, गप बसायची सवय व्हईल." त्यांनी पाटीवर लिवलं: तुम्हाला झाली होती का?
बराबर मारलं.

२८ जून, शनिवार
पुढच्या गावात शाळेपुढं उंच भिंत बांधून राहिलेत. आवाज अडवायची. आपल्याला काहून न्हाई? बाई कचेरीत जाऊन कागदच घेऊन आल्या. रस्ता रुंद व्हायच्या आधी रस्त्याच्या खात्याचा साहेब मारुतीच्या पारावर इचारायला आलता, तवाचा. लिवलंय: 'आवाजाबाबत हरकत: नाही. एका ग्रामस्थाने तसे सांगितले, इतरांनी दुजोरा दिला.'
वा रे लिवणारा! आमी पाव्हण्याला चहा इचारला तरी तो म्हनतो हरकत न्हाई. कुणी म्हनलं जरा सरका, हरकत न्हाई. जिभेची खोड ती. यानं उचलून कागदावर ठिवली.
पारावर सगळे इचारायलेत, तो एक ग्रामस्थ कोण? मी म्हनलं, "ग्रामस्थ म्हंजी बाप्याच की. करीमभाई टेलर असंल, त्याला अर्धं ऐकू येतं." सगळा पार हसला.

३ जुलै, गुरुवार
मस्करी चिकटली. येणारा जाणारा दुकानात डोकावतो, "काय करीमभाई, हरकत न्हाई ना?" दोघांनी शिवायला दिलेलं कापड वापस नेलं.
चिमीचा फ्रॉक टाकायच्या निमतानं गेले. म्हनलं, "तुमी सांगत काहून न्हाई, मी न्हाई बोललो म्हनून?"
त्यांनी मशीन थांबवली न्हाई. "भाभी, मशीनच्या आवाजात मला कुठं ऐकू आलं कोन काय म्हनलं."
पारावर कुठली मशीन होती?

६ जुलै, रविवार
सून म्हनती, "आत्या, पोरीला डोंगरकड्याला मामाकडं शाळेत घालते. इथं बहिरी व्हईल." भिंतीचं पक्कं झालं तर थांबते, न्हाई तर दाखला काढते.
चिमी वरडून इचारती, "आजी, तू बी येणार?" एवढंसं लेकरू, हळू बोलायचंच इसरलं.

८ जुलै, मंगळवार
बाई पाटी घेऊन घरी आल्या. साहेब शुक्रवारी परत येणार. जो पयला बोलला त्यानं लिहून द्यायचं, ते गावाचं म्हननं नव्हतं, सवयीनं तोंडातून गेलं. मग भिंतीचा कागद वर जाईल. करीमभाईनं सही करून बी दिली. बाईंनी पाटीवर लिवलं: ते पहिले बोलले, हे मला पटत नाही. अन् माझ्याकडं बघत बसल्या.
मी म्हनलं, "चहा ठिवू?"
बयेनं लिवलं: हरकत नाही.

१० जुलै, गुरुवार
उद्या साहेब. कोरा कागद काढलाय. चौथीपोतरचं अक्षर. दोन ओळी लिवल्या, ट्रक गेला, रेघ वाकडी. फाडला. करीमभाईची सही हायच बाईंजवळ. माझी नसली तरी भिंत व्हईल. चिमी राहील. कुणाचं काय बिघडतं...
बिघडतं.
इथं तरी लिवते. पयली मीच म्हनले. अन् सवयीनं न्हाई. साहेबानं घरं मोजली, म्हनला, आवाज लई वाढंल, हरकत? मालक जाऊन सहा महिने झालते. लेक-सून तवा वसमतला. घरात भांडं पडलं तरी बरं वाटायचं. मी म्हनलं, "हरकत न्हाई साहेब, येऊ द्या." सगळा पार हसला, अन् माझ्यामागून सगळे म्हनले; त्या गलक्यात पयलं कोण ते इसरून गेले.
मला आवाज पायजे होता.