उरलेल्याचं माप

प्रिय धाकटे,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू पत्र उघडायच्या आधीच डोळे पुसायला लागली असशील. पण आपल्या घरात कोणी पत्रं लिहीत नाही, आणि तेही तुझ्या कारखान्याच्या पत्त्यावर, तेव्हा काहीतरी झालंय हे तू ओळखलंच असशील. झालंय. आज त्याला चौथा दिवस. ज्या गोष्टीची मी वर्षभर टिमकी वाजवली, जिच्यावरून तुला सतरा वेळा अक्कल शिकवली, तिच्यापायीच माझ्या घरातली माणसं उपाशी राहिली. हो, उपाशी. समोर घरचं, स्वच्छ, माझ्या हातचं अन्न असताना. जेवणाच्या सुट्टीत एका जागी बसून वाच आणि मध्येच सोडू नकोस.

सुरुवात तुला माहीतच आहे. गेल्या वर्षी यांच्या कंपनीनं लिफ्टदुरुस्तीची कामं कमी केली आणि यांना आठवड्यातून तीनच दिवस बोलवायला लागले. तोवर आमचं काय चालायचं? दमून घरी आलं की हात फोनकडे. आठवड्यातले चार दिवस बाहेरून मागवलेलं, उरलेले तीन दिवस पाकीट फोडून गरम केलेलं. मी कंबर कसली. दर रविवारी सकाळी दोन मोठी पातेली चढवायची, एकात डाळ, एकात घेवडा नाहीतर मसूर, शिवाय बटाटे, अंडी, बाजारात जी स्वस्त असेल ती भाजी. मग चौघांचे डबे भरायचे, प्रत्येकावर नावाची पट्टी. यांचे, आमच्या ढमीचे, सासऱ्यांचे आणि माझे. मी पडले दुकानाच्या मागच्या खोलीत दिवसभर कडधान्य तोलून पिशव्या भरणारी बाई. माझ्या हाताला अंदाजपंचे चालत नाही. प्रत्येक डबा काट्यावर ठेवून भरला जायचा. आणि वर माझा तो नियम, ज्याचं मला केवढं कौतुक: डब्यात जे उरेल ते तोलायचं आणि पुढच्या रविवारी त्या माणसाचं तेवढं कमी शिजवायचं. वाया म्हणून काही जाऊ द्यायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या डब्यांत थोडं थोडं उरलं. मला वाटलं, अगं बाई, आपण केवढं जास्तीचं करत होतो! कमी केलं. तरी उरलं. आणखी कमी केलं. तरीही चार घास, दोन फोडी उरायच्याच. प्रत्येकजण डबा परत ठेवताना म्हणायचा, पोट भरलं, आता जात नाही. आणि मी खुळ्यासारखी काटा घेऊन बसायचे. वाण्याचं बिल चौथ्या महिन्यात निम्म्यावर आलं, पुढे त्याच्याही खाली. दुकानात मालकानं सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. वरच्या मजल्यावरची वही-पेन घेऊन शिकायला आली. मी फुगत गेले. खरी लाज वाटते ती पुढची गोष्ट सांगताना. दोन महिन्यांपूर्वी यांना पुन्हा पूर्ण आठवड्याचं काम मिळालं. पैसे होते गं! मी थांबायला हवं होतं. पण बिल आणखी किती खाली जातं ते बघायची मला चटक लागली होती.

गुरुवारी दुपारी ढमीच्या शाळेतून फोन आला, पोरगी मैदानावर पडली म्हणून. मला वाटलं पाय मुरगळला असेल. जाऊन बघते तर नर्सबाईंच्या खोलीत ती पांढरीफटक पडलेली, ओठसुद्धा पांढरे. धावताना चक्कर आली होती. नर्सबाईंनी तिची जुनी नोंद माझ्यापुढे धरली. वर्षभरात उंची चार बोटं वाढली आणि वजन सहा किलो कमी. मग अगदी सौम्यपणे, दार लोटून घेऊन त्यांनी मला विचारलं, की घरात जेवणाची काही अडचण आहे का, असेल तर शाळा मदत करू शकते. धाकटे, मला! मी भडकलेच. म्हटलं, अहो, मी स्वतः रांधते, बाहेरचा एक घास येत नाही माझ्या घरात. पोरीला मोकळा श्वास घेता यावा म्हणून त्यांनी तिच्या गणवेशाच्या स्कर्टचा हूक काढला आणि कंबरपट्टी उलटी झाली. आत शिलाईच्या तीन रांगा. एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. बारीक, सरळ, एक टाका इकडचा तिकडे नाही. तो हात मी झोपेतसुद्धा ओळखला असता. आमच्या सासऱ्यांचा.

तुला त्यांचं माहीत आहे, चाळीस वर्षं शिंपीकाम केलं, अजूनही खिडकीपाशी यंत्र मांडून घरचे कपडे तेच बघतात. ढमीला घरी आणून झोपवलं आणि मी कपाट उघडलं. यांच्या सगळ्या पँटी उलट्या करून बघितल्या. दोन शिलाया, काहींना तीन. शर्टांच्या बाजू आत घेतलेल्या. मग मनात काय आलं कोण जाणे, मी माझी कामावर घालायची पँट उलटी केली. तिलाही दोन. मी कधीच सांगितलं नव्हतं! धुऊन वाळत टाकलेली त्यांनी उचलली, आत घेतली आणि घडी करून ठेवून दिली. म्हणून मला काही सैल झालेलं कळलंच नाही. कोणाचंच कळलं नाही. घरात चार माणसं वाळत होती आणि चौघांचेही कपडे अंगाला नीट बसत होते. मी तिथेच कपाटासमोर फतकल मारून बसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग मी सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिले आणि, खोटं कशाला सांगू, ओरडले. सून म्हणून आयुष्यात पहिल्यांदा. बिचाऱ्यांनी सुई खाली ठेवली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आधी ढमी त्यांच्याकडे गेली होती, आईला सांगू नका म्हणून. मग हे गेले, ढमीला कळू देऊ नका म्हणून. आणि सासरे पडले जुन्या चालीचे शिंपी. एका गिऱ्हाइकाचं माप दुसऱ्याला सांगायचं नाही, हे त्यांना त्यांच्या उस्तादानं पहिल्या दिवशी शिकवलेलं. चाळीस वर्षं पाळलं, ते घरातही पाळलं. सगळ्यांची मापं त्या एकट्या माणसाला ठाऊक होती आणि त्यानं ती पोटात ठेवली. वर म्हणाले, मला वाटलं सूनबाई, तुझी ओढाताण होत असेल, तुला आणखी लाजवायचं कशाला.

संध्याकाळी हे आले तेव्हा उरलेला उलगडा झाला. हे डब्यात घास ठेवायचे, कारण पोरीच्या वाढीचं वय. पोरगी ठेवायची, कारण बाबांचं अंगमेहनतीचं काम. सासरे ठेवायचे, कारण मिळवत नाही त्यानं पोटभर कशाला खावं. आपलं हे कारण सासऱ्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की यांना उठून दुसऱ्या खोलीत जावं लागलं. आणि मी? मी काय वेगळी? मीही रोज दोन घास ठेवून झाकण लावायचे, ढमी येताजाता खाईल म्हणून. चौघंही एकमेकांसाठी पोटाला चिमटा काढत होतो, आणि जे आम्ही मायेनं मागे ठेवत होतो ते मी काट्यावर घालून कापत होते. जितकी माया जास्त तितकं माप कमी. माझ्या डोक्यात हे अजून नीट शिरत नाही.

त्याच संध्याकाळी मी डब्यांच्या पट्ट्या सोलून काढल्या. मोठं पातेलंभर बटाट्याचा रस्सा केला, भात केला आणि पातेलं टेबलाच्या मधोमध ठेवलं. तुला हसू येईल, पण कोणी पळी उचलेना. उचलली तर दुसऱ्याच्या ताटात. हे मला वाढतात, मी सासऱ्यांना, सासरे ढमीला. शेवटी मी पळी हिसकावून घेतली, चारही ताटं शिगोशीग भरली आणि सांगितलं, आज ज्याच्या ताटात शीत उरेल त्याच्याशी मी बोलणार नाही. ढमीनं तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा घेताना ती आधी पातेल्याच्या तळाकडे बघत होती. चौदा वर्षांची पोर, माझ्या घरात.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तुमचं तिघांचं भरून निघेल, म्हणाल्या, दोन-तीन महिने नीट खा. सासऱ्यांना मात्र त्यांनी ठेवूनच घेतलं. अंगात रक्त नाही, पायांना सूज, काळजावर ताण. मला बाहेर बोलावून सांगितलं की म्हाताऱ्या माणसाचं शरीर आवाज करत नाही, गुपचूप खचत जातं. ते भूक नाही म्हणतात आणि थोड्या दिवसांनी खरंच लागेनाशी होते. आणखी महिनाभर गेला असता तर औषधाचाही उपयोग नव्हता. आता धोका टळलाय. मी रोज दोन वेळा जाते आणि समोर बसून भरवते. खाताना ते माझीच माफी मागतात.

आता तुला पत्र का, फोन का नाही, ते. फोन मी दोनदा हातात घेतला. कारखान्यात तुझा फोन कपाटात बंद, आणि घरी पोहोचलीस की तो आधी आईच्या हातात. तिनं हे ऐकलं असतं तर हसून उडवून लावलं असतं, आणि दुसऱ्या दिवसापासून डबा लख्ख रिकामा करून दाखवला असता. अन्न कुठे गेलं ते तुला कधीच कळलं नसतं. ही रीत तुला मी शिकवली, धाकटे, काट्यासकट. गेल्या मंगळवारी तू कळवलंस की आईचा डबा रोज अर्धा तसाच राहतो म्हणून तू तिचं माप निम्म्यावर आणलंस, तरी त्यातलंही उरतंच. खाली हसरा चेहरा टाकला होतास. मी तुला शाबासकी पाठवली. आपण दोघी पातेलं खरवडून खायचो तेव्हा आईला भूक लागल्याचं तुला एकदा तरी आठवतं का? मला नाही आठवत. आपल्याला ही खोड लागली ती तिच्याकडूनच. हे पत्र वाचून झालं की अर्ध्या दिवसाची रजा टाक. वाटेत कुठे थांबू नकोस. घरी जा, तिच्या अंगावरची शाल काढ आणि तिचे दंड हातात धरून बघ. मग तिला डॉक्टरकडे ने, आणि आल्यावर शेजारी बसून जेवायला वाढ. ती नको म्हणेल. आई खोटं बोलतेय, धाकटे. तू वाढत राहा.

तुझीच,
तुला हे शिकवून बसलेली
मोठी