सोळा पायांचा सपाट ट्रॅक

३ फेब्रुवारी
झालं ते असं:
१. छोट्या मेट्रोच्या मॉडेलसाठी ट्रॅकची प्रमुख म्हणून माझी निवड झाली.
२. निवड एकमताने झाली. दोघे गैरहजर होते, तिसऱ्याने जांभई दिली. मी ती होकारात धरली.
३. गाडीचं काम काकाकडे गेलं. काका आमच्याच वर्गातला. खिशात दोरा, टॉर्च आणि पोटदुखीची गोळी बाळगतो, म्हणून काका.
४. परीक्षकांसमोर गाडीने न अडता एक फेरी मारली, तर टीम अंतिम स्पर्धेला जाणार. नाहीतर आपापल्या घरी.
मला ताण नाही.

७ फेब्रुवारी
वर्कशॉपच्या फरशीला उतार आहे. धुतलेलं पाणी कोपऱ्यातल्या जाळीकडे जावं म्हणून. दुसऱ्या कुणी हात टेकले असते. मी ट्रॅकचा प्रत्येक पाय त्याच्या जागी मोजून वेगळा कापणार. सोळा पाय, सोळा उंच्या.

१२ फेब्रुवारी
काका विचारत होता, गाडी जरा चालवून बघू का. म्हटलं, ट्रॅक पूर्ण झाल्यावर. "बाईसाहेब, ट्रॅक आहे की तुझं तान्हं बाळ?" हसले नाही. म्हणजे दिसेल एवढं नाही.
आईचा फोन. जेवलीस का? सगळ्यांशी नीट बोलतेस ना? दोन्हींना हो म्हटलं. त्यातलं एक उत्तर खरं होतं.

१७ फेब्रुवारी
झाला! स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा सगळीकडे बरोब्बर मधोमध. गाडी फेऱ्यांवर फेऱ्या मारत राहिली. काका म्हणाला, "मानलं बुवा!" मी "हं" म्हटलं. जास्त आनंद दाखवला की टीम सैलावते.
मग म्हणाला, परीक्षकांसमोरची फेरी हॉलमध्ये आहे, तिथे एकदा मांडून बघू. किती संशयी माणूस! जे इथे सपाट, ते सगळीकडे सपाट.

१९ फेब्रुवारी, सकाळी
हॉलमध्ये ट्रॅक मांडला. वरखाली दिसतोय. हॉलची फरशी सदोष असावी.

दुपारी
फरशी तपासली. आरशासारखी सपाट आहे. अडचण तीच आहे.
परीक्षक बाई आल्या. काकाने गाडी ठेवली. मोटर सुरू करायच्या आधीच ती निघाली आणि खोलगट भागात जाऊन बसली. मोटर लावूनही चढेना. बाईंनी विचारलं, "इथे स्टेशन आहे का?" मी हो म्हटलं. "मग गाडी सुटते कधी?" काका खिडकीबाहेर बघत होता. त्याचे खांदे हलत होते.
सोमवारी आणखी एक संधी. शेवटची.

२० फेब्रुवारी
पाय पुन्हा कापायचे. एकटीला सहज जमेल असा हिशेब होता. ट्रॅकचं एक टोक उचललं की दुसरं घसरतं. सबंध दुपार खटपट करून एक पाय कापला. चुकीचा.
काकाला मेसेज लिहिला. पहिल्या तीन मसुद्यांत दोष फरशीचा होता. पाठवला तो असा:
"काका, पाय मी वर्कशॉपच्या उताराप्रमाणे कापले. हॉल सपाट आहे. चूक माझी. दुसरं टोक धरायला कुणीतरी हवंय. येशील का? शुक्रवारपर्यंत कळव."