गोंजारणे म्हणजे काय

पेडणे,
१४ ऑक्टोबर २०२४

ती. रुक्मिणीआतेस,
सुविधाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून कागद घेऊन बसले. संजनाला दत्तक घेऊन घरी आणलं, त्याला आता चार महिने होतील. पोर गुणी आहे. जेवली की ताट स्वतः उचलते, चपला ओळीत लावते. पोदेराचा भोंपू ऐकला की पावाचे उंडे आणायला मात्र धावत सुटते.

परवा शाळेत 'गोंजारणे' हा शब्द वाक्यात वापरायला सांगितला होता. गोंजारणे म्हणजे काय, असं तिने मला विचारलं. आते, सहा वर्षांच्या पोरीला हे ठाऊक नव्हतं! दाखवते म्हणून मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तर ती फळीसारखी ताठ झाली. हात काढल्यावर थँक्यू म्हणाली. मी मोरीत जाऊन रडले.

आमचे साईश जाडजूड शब्दकोश काढून या शब्दाचं मूळ शोधत बसलेत, पण ठाम काही सापडत नाही. मला मूळ घेऊन काय करायचंय? ही मुलगी मला आई म्हणून कधी जवळ येऊ देईल की नाही, एवढीच धास्ती आहे. काकांना नमस्कार. तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
सुविधा

नार्वे,
२१ ऑक्टोबर २०२४

चि. सुविधा हिस,
रुक्मिणीआतेचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या काकांना वाचून दाखवलं, तर लगेच म्हणाले, हा शब्द 'गो'वरूनच आला, गुरं पाळणाऱ्यांचा शब्द. ह्यांना शब्दाशब्दात गाय दिसते, तेव्हा फार मनावर घेऊ नकोस.

पण रागावणार नसशील तर सांगते. तू घाई केलीस गो. आपली शेवंती दावणीला आली तेव्हा हात लावला की शिंगं उगारायची. मी नुसती समोर उभी राहून काहीबाही बोलायचे. ह्यांनी मला वेड्यात काढलं. शेवटी तिचं तिनेच माझा हात हुंगला. गाय काय नि माणूस काय, मागून पडलेला हात कुणाला खपतो?

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या चेडवाला, संजनाला घेऊन ये. नवे पोहे आलेत, फोव भरपूर करून ठेवते. साईशलाही आण, शब्दकोश घरी ठेवून. सगळं बरं होईल. आमची आठवण ठेवा.

तुझी,
आते

पेडणे,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. रुक्मिणीआतेस,
शि. सा. नमस्कार.

सुखरूप पोचल्याचं कळवायला उशीर झाला, रागावू नकोस. तुझे गुळाचे फोव साईशच्या जिभेवरून अजून उतरत नाहीत.

गोठ्यातली गंमत तुला ठाऊक नाही. तू धार काढायला बसलेली असताना शेवंतीने मान वर केली आणि संजनाने भीत भीत तिच्या गळ्याखालच्या लोंबत्या पोळीला हात लावला. हिला बरं वाटतंय, असं माझ्या कानात सांगितलं. मला त्या गाईचा हेवा वाटला. हसशील तर हस.

घरी आल्यापासून तुझं ऐकते आहे. जवळ बसते, बडबड करते, हात मात्र आवरून ठेवते. फार जड जातं गं.

काल संध्याकाळी आदोळीवर बसून नारळ खवत होते. संजना येऊन शेजारी उभी राहिली. मग तिने डोळे मिटले आणि मान वर केली. मी वेडी, घसा दुखतो का म्हणून विचारलं. तिने मान तशीच ठेवली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हात खोबऱ्याने भरलेला. धुवायला उठायचा धीर झाला नाही, तशाच हाताने तिच्या गळ्याखाली गोंजारत राहिले. तिच्या फ्रॉकवर कीस सांडत होता आणि मला समोरचं काही दिसत नव्हतं.

आता पुरे झालं असेल, असं वाटून मी हात काढला, तर डोळे न उघडता म्हणाली की अजून नाही झालं.

काकांना सांग, शब्द गाईवरूनच आला असेल. आम्हा तिघांवर लोभ असू दे.

तुझी,
सुविधा