मजकूर माझा, मराठी कौशल्येचे

मी, येसाजीराव रामोजीराव लाड, वय एकसष्ट, धंदा पूर्वी वार्ताहर व नंतर कादंबरीलेखन, राहणार राजाजीनगर, बेंगळूर, म्हैसूर राज्य, कुणाच्या धाकाने वा भुरळीने नव्हे, तर राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. छातीच्या दुखण्यामुळे चालवत नाही, पण डोके ठिकाणावर आहे. याआधीचे माझे मृत्युपत्र कुठे निघाले तर ते रद्द समजावे. वर्तमानपत्रात मी इंग्रजी लिहिले, बाजारात कानडी बोललो. हा कागद मात्र मराठीत आहे, कारण ज्या बाईसाठी तो आहे तिला तो ऐकून समजला पाहिजे. ती माझी पत्नी कौशल्या. आम्हांला मूलबाळ नाही.

कलम १. राजाजीनगरातील राहते घर, पुढील अंगण व मागील नारळासह, कौशल्येच्या एकटीच्या मालकीचे होईल. येलहंक्याचा माझा पुतण्या ज्योतिबा याने, तिने बोलावल्यास, सोबतीला येऊन राहावे. मात्र घरातली एकही खुर्ची, घडवंची वा पाण्याची घागर जागची हलवू नये. कौशल्येला दिसत नाही. ते कसे झाले हे कलम ३ मध्ये लिहिले आहे.

कलम २. माझे इंग्रजी टंकयंत्र ज्योतिबाला द्यावे. या यंत्रावर मी बरीच वर्षे कोर्टाच्या बातम्या लिहिल्या. सन १९५२ मध्ये एका खुनाच्या खटल्यात, साक्ष ऐकताना आरोपीने कपाळाचा घाम पुसला, असे मी लिहिले. त्या वेळी मी बाहेर कॉफी पीत होतो, आणि आरोपी तापाने फणफणल्यामुळे त्याला त्या दिवशी कोर्टात आणलेच नव्हते. "लाड, तुम्ही गोष्टी लिहा," संपादक म्हणाले, "इथे बातम्या लागतात." आणि मला काढून टाकले. त्यांच्यावरचा राग मी पुष्कळ वर्षे जपला. तो कुणाच्या नावे करण्याजोगा नाही, कारण ते बरोबर बोलले होते. संपादक हयात असल्यास ज्योतिबाने त्यांना तसे जाऊन सांगावे.

कलम ३. माझ्या कादंबऱ्यांच्या हक्कांविषयी.

नोकरी गेल्यावर मी खरोखरच गोष्टी लिहिल्या. माझा गुप्तहेर सर्जेराव चपलेच्या झिजेवरून माणूस कुठल्या गल्लीतून आला ते सांगे. बेळगावच्या एका प्रकाशकाने ही पुस्तके छापली आणि ती खपली. राजाजीनगरातली ही जागा त्यातूनच घेतली. पुण्याच्या एका टीकाकाराने लिहिले, "बेंगळुरात राहून इतके नितळ मराठी!" ते कात्रण मी चौकटीत घालून बैठकीत लावले.

वस्तुस्थिती अशी आहे. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या इथले, घरच्या मराठीत निम्मे कानडी. माझ्या खर्ड्यात सर्जेराव "जरा थांबा"ऐवजी "स्वल्प थांबा" म्हणे आणि खुनी "बरं"ऐवजी "सरी" म्हणून पसार होई. कौशल्या निपाणीच्या शाळामास्तरांची मुलगी. दुपारी घरकाम उरकले की ती माझा खर्डा पुढ्यात घेई आणि सगळी कादंबरी नव्याने लिहून काढी. खून माझे; वाक्ये तिची, म्हणी तिच्या, आणि बायका एकमेकींशी कशा बोलतात ते तर सगळेच तिचे. एकदा तिने विचारले, "अहो, पुस्तकावर कुठं माझंही नाव येईल का?"

"खुनाच्या गोष्टीवर बाईचं नाव? लोक हसतील," मी म्हणालो. तिने पुन्हा विचारले नाही.

सन १९६२ मध्ये तिच्या प्रतीत ओळीवर ओळ चढू लागली. शब्द गळू लागले. प्रकाशकाची तक्रार आली तेव्हा मी कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे आपटला. "डोळे फुटले का तुझे?"

"हो," ती म्हणाली.

मला वाटले, उलट उत्तर करते. मी अबोला धरला आणि तसाच बेळगावला माझ्या सत्काराला गेलो. तिथे वक्ते म्हणाले, लाडांच्या नजरेतून काही सुटत नाही. गळ्यात हार घालून मी हसलो.

परतलो तेव्हा शेजारच्या कावेरीअक्का फाटकाशीच उभ्या होत्या. "लाड अण्णा, आता तरी त्यांना डॉक्टरकडे न्या. इतके दिवस त्यांच्या सुईत दोरा मी ओवून देतेय. भिंत चाचपत स्वयंपाकघरात जातात. तुम्हाला दिसत नाही?"

मी आत गेलो. कौशल्या मेथी निवडत होती, मान समोर ठेवून, नुसत्या बोटांनी.

"कधीपासून?"

"डावा जाऊन फार दिवस झाले. उजवा या पावसाळ्यापासून."

"मला सांगितलं नाहीस?"

"हो म्हटलं होतं की."

तो काचबिंदू होता. वेळेवर आणले असते तर उजवा डोळा राहिला असता, असे डॉक्टर म्हणाले. ते माझे वाचक निघाले. माझ्याकडे न पाहता त्यांनी चिठ्ठी लिहिली.

त्यानंतर एक कादंबरी मी स्वतःच उतरवून पाठवली. "ही भाषा आपली वाटत नाही," म्हणून प्रकाशकाने ती परत केली. खरे कारण कळवायची मला लाज वाटली. प्रकृतीचे निमित्त सांगून मी लिहिणे बंद केले. रस्त्यात आजही कुणी "सर्जेराव काय म्हणतो?" असे प्रेमाने विचारतो, आणि माझी मान वर होत नाही.

सबब सर्व कादंबऱ्यांचे हक्क कौशल्येकडे जातील. हे दान नव्हे. ज्याचे त्याला परत करणे आहे. यापुढील प्रत्येक आवृत्तीवर तिचे नाव आधी व माझे नंतर छापावे. प्रकाशकाला हे मंजूर नसेल तर पुस्तके पुन्हा निघाली नाहीत तरी चालेल.

कलम ४. बँकेतील व पोस्टातील शिल्लक कौशल्येची. बैठकीतील कात्रण जाळावे. चौकट चांगल्या शिसवीची आहे, ती ठेवावी.

कलम ५. माझ्या अंत्यविधीला कुणी भाषण करू नये. माझ्या नजरेविषयी तर मुळीच नाही.

हा मजकूर आज वकील मल्लाप्पा यांनी कौशल्येला वाचून दाखवला. तिची क्षमा मागणारे एक सहावे कलम मी घातले होते. ते तिने काढायला लावले. "क्षमा काय मिळकत आहे? जिवंत आहात तोवर तोंडानं मागा." मी सर्वांसमक्ष मागितली. ती काय म्हणाली ते इथे लिहायला तिची परवानगी नाही.

मग तिने हात पुढे केला. "साक्षीदार म्हणून मी सही करते. सही न बघता येते मला."

वकील संकोचले. "अक्का, ज्याला मिळकत मिळते त्याची साक्ष नको. उद्या कुणी वाद काढील."

कौशल्येने हात मागे घेतला आणि हसली. "बरं. म्हणजे इथंही नाव तुमचंच."

ते वाक्य जसेच्या तसे उतरवून खाली सही करतो.

(सही) येसाजीराव रामोजीराव लाड

लाड यांनी आमच्यासमोर, व आम्ही त्यांच्यासमोर, सह्या केल्या:
१. (सही) भीमाचार्य, निवृत्त शिक्षक, शेजारी, राजाजीनगर
२. (सही) मल्लाप्पा, वकील, बेंगळूर

स्थळ: बेंगळूर
दिनांक: ९ ऑक्टोबर १९६६